सायकल, सरोवर आणि साखर

या सदराच्या नियमित वाचकांना माझी दोन वाक्ये एव्हाना पाठ झाली असतील. रोज अर्धा तास चाला आणि आजार घरच्यांपासून लपवू नका. यापैकी पहिले मी स्वतः अधूनमधून पाळत होतो. दुसरे अजिबात पाळत नव्हतो. गेल्या वर्षी सप्टेंबरात परदेशात एका सरोवराकाठी, सायकलवर बसलेलो असताना, हे उघडकीस आले. प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा वकूब नाही. पण त्या पाच दिवसांत व्यायामाविषयी आणि मधुमेहाविषयी जे शिकलो, ते रुग्णांना सांगण्याजोगे आहे, म्हणून हा लेख.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त जर्मनीत श्टुटगार्टला असतात. तेथे मराठी इंजिनिअर मंडळी इतकी आहेत की भाजीच्या दुकानात "अहो, जरा सरका" असे मराठीत ऐकू येते. आम्ही दोघे तिकडे गेलो तेव्हा मुलाने आणि सूनबाईंनी बेत आधीच ठरवून ठेवला होता. इंग्रजीत ज्याला लेक कॉन्स्टन्स म्हणतात आणि जर्मन लोक बोडनझे म्हणतात, त्या सरोवराला पाच दिवसांत सायकलने फेरी मारायची. मी साठीला टेकलेलो, सौ.चे गुडघे दुखरे आणि नातू चार वर्षांचा. मी म्हटले, "अरे, आम्हाला आगगाडीत बसव, आम्ही खिडकीतून पाहू." तो म्हणाला, "बाबा, तिकडे ऐंशी वर्षांच्या आज्या सायकलवर जातात." यावर काय बोलणार!

सरोवर मोठे आहे. लांबी सुमारे ६३ किलोमीटर, खोली अडीचशे मीटर. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड असे तीन देश त्याच्या काठावर आहेत. आल्प्स पर्वतातून आलेली ऱ्हाइन नदी एका बाजूने त्यात शिरते आणि दुसरीकडून बाहेर पडते. सुमारे ४० लाख लोकांना या सरोवरातून पिण्याचे पाणी जाते. सरोवराभोवती सायकलींसाठी जो मार्ग आखलेला आहे तो साधारण २६० किलोमीटरचा. आम्ही त्याचा फक्त मोठ्या भागाला वळसा घालणारा तुकडा घेतला, तोही मध्ये एक टप्पा फेरीबोटीने कापून. म्हणजे पाच दिवसांत जेमतेम सव्वाशे किलोमीटर. दिवसाला पंचवीस! आमच्या तालुक्यातील दूधवाला सकाळच्या रतिबात याहून जास्त जात असेल.

रस्ता बहुतांशी सपाट. मोटारींपासून बराचसा वेगळा. बहुतेक लोक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात, कारण तिकडे वाहने उजवीकडून चालतात आणि असे गेले की सरोवर कायम उजव्या हाताला, रस्ता न ओलांडता, राहते. दर चार-सहा किलोमीटरवर गाव, गावात बाक, पाण्याचा नळ आणि शौचालय. पन्नाशीनंतर या शेवटच्या सोयीचे महत्त्व काय असते ते मी सांगावयास नको. दमलात तर सायकलसकट आगगाडीत किंवा बोटीत चढता येते. कोणी हसत नाही. मला वाटते, एवढे लोक तेथे सायकलवर दिसतात याचे मोठे कारण हेच आहे. वाटेत थांबता येते, परतता येते, हे माहीत असलेला माणूस निघण्यास तयार होतो.

सायकली भाड्याने घेतल्या. माझे सायकलीशी नाते जुने. शाळेत असताना तासाच्या भाड्याने सायकल आणून नळीखालून पाय घालून हाफ पेडल मारीत शिकलो. वैद्यकीय महाविद्यालयात पाच वर्षे वडिलांची अॅटलास वापरली. पुढे दवाखाना थाटल्यावर स्कूटर आली, नंतर मोटार, आणि डॉक्टरने सायकलवर जाणे बरे दिसत नाही असे मला कोणी न सांगताच वाटू लागले. सौ. कॉलेज सुटल्यापासून सायकलवर बसली नव्हती. तिला मधली नळी नसलेली, बॅटरीचा हातभार मिळणारी सायकल दिली. या सायकलीत पेडल मारावेच लागते, मोटर फक्त जोर देते आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर गेले की तीही थांबते. सूनबाईंच्या सायकलीमागे दोन चाकांची छोटी गाडी जोडली, त्यात नातू. सर्वांना हेल्मेट.

दुकानातील मुलाने सीटची उंची ठरविण्यातच पंधरा मिनिटे घालविली. येथे गुडघेदुखीवाल्यांनी लक्ष द्यावे. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतील इतकी सीट खाली ठेवण्याची सवय आहे. त्यामुळे पेडल मारताना गुडघा जास्त वाकलेला राहतो आणि वाटीमागे दुखू लागते. पेडल सर्वांत खाली असताना गुडघ्याला किंचितच बाक राहावा, एवढी सीट उंच हवी. सायकलवर शरीराचा भार बराचसा सीटवर जातो, म्हणून झिजलेल्या गुडघ्यांनाही तो व्यायाम झेपतो. चालताना कुरकुरणारे सौ.चे गुडघे पाच दिवसांत एकदाही बोलले नाहीत. बसण्याची जागा मात्र पहिले दोन दिवस आम्हा दोघांची बोलत होती!

पहिल्या दिवशी कोन्स्टान्झ गावाहून निघालो. पाव तासाच्या फेरीबोटीने पलीकडे मेर्सबुर्गला उतरलो, द्राक्षमळ्यांच्या खालून फ्रीड्रिक्सहाफेनला पोहोचलो. सन १९०० मध्ये झेपेलिनचे पहिले विमान, म्हणजे तो प्रचंड फुगा, याच सरोवरावर उडाला होता. तेथील संग्रहालयातून नातवाला बाहेर काढताना दमछाक झाली, सायकलने झाली नव्हती. आमचा वेग विचाराल, तर मी आणि सौ. शेजारी शेजारी गप्पा मारीत जात होतो. व्यायामाचा योग्य जोर ओळखण्याची हीच घरगुती खूण आहे. बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणू लागलात तर दम पुरू नये. आठवड्याला अशी दीडशे मिनिटे झाली तरी प्रौढ माणसाला पुष्कळ, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता दुसरा दिवस. त्या दिवशी संकष्टी होती. सौ.चा उपास. हॉटेलात सकाळी टेबलावर मांसाचे काप आणि पाव मांडलेले. तिने दूध आणि केळे घेतले. तिला सोबत म्हणून मीही चहा आणि एक सफरचंद एवढ्यावर उठलो. चंद्रोदय तेथे किती वाजता धरायचा यावर आमची चर्चा रंगली होती, त्या नादात मी रोजच्या सवयीने खिशातली गोळी तोंडात टाकली.

ही गोळी मधुमेहाची होती. दीड वर्षापूर्वी सहज म्हणून रक्त तपासले, तेव्हा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी ८.१ आली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड यांची एकत्रित गोळी स्वतःच सुरू केली. दवाखान्यात नमुन्यादाखल आलेल्या गोळ्यांतून घेत असे, म्हणून घरात चिठ्ठी नाही, बिल नाही. कोणाला सांगितले नाही. सौ.ला नाही, मुलाला नाही. ज्या गावात निम्म्या मधुमेह्यांना मी भात कमी करण्यास सांगतो, त्या गावात "डॉक्टरलाच साखर" हे ऐकावयाची माझी तयारी नव्हती. हे लिहितानाही थोडे जड जात आहे.

लांगेनआर्गेन सोडले, आर्गेन नदी ओलांडली आणि सफरचंदांच्या बागा लागल्या. तोडणी चालू होती. साडेअकरा वाजले असावेत. नातू मागच्या गाडीतून एकसारखे विचारीत होता, "आजोबा, हे आपले सफरचंद आहे का?" तिसऱ्यांदा विचारल्यावर मी त्याच्यावर खेकसलो. मी नातवावर कधी ओरडत नाही. सौ.ने वळून पाहिले. मला घाम फुटला होता. ऊन फारसे नव्हते, तरी शर्ट पाठीला चिकटला. हँडलवरचे हात थरथरू लागले, समोरची पाटी दोन-दोन दिसू लागली. मी कसाबसा ब्रेक दाबून सायकल गवतावर टाकली आणि बसलो. सौ.ला वाटले, हृदयविकाराचा झटका. ती छातीवर हात ठेवून "दुखतंय का, दुखतंय का" म्हणत होती. मला नेमके काय होते आहे ते मला कळत होते, पण शब्द सापडत नव्हता. शेवटी म्हणालो, "साखर दे." तिला वाटले मी भ्रमात बोलतो आहे.

तिकडे शेतकरी रस्त्याच्या कडेला माल मांडून ठेवतात. विक्रेता नाही, पैशाची पेटी ठेवलेली. शेजारीच असे एक टेबल होते. त्यावर सफरचंदाच्या रसाच्या बाटल्या. सूनबाई धावत गेल्या आणि पेटीत किती पैसे टाकले ते न पाहता बाटली घेऊन आल्या. मी मोठा पेलाभर रस प्यालो. दहा-बारा मिनिटांत घाम थांबला, पाटी एक दिसू लागली. मग सौ.च्या उपासाच्या डब्यातले राजगिऱ्याचे दोन लाडू मी खाल्ले. ती माझ्याकडे पाहत बसली होती. काही विचारले नाही.

आता डॉक्टर म्हणून दोन शब्द. मधुमेहाच्या सर्व गोळ्यांनी साखर धोकादायक खाली येते असे नाही. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा येत नाही. परंतु ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी येते. त्यात पोट रिकामे आणि वर व्यायाम, म्हणजे माझ्यासारखी गत. साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, भूक, चिडचिड आणि गोंधळ सुरू होतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड कळत नाही, घाम मात्र येतो. अशा वेळी तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून किंवा अर्धा-पाऊण पेला फळांचा रस द्यावा, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासावे, बरे वाटताच पोळी किंवा बिस्किटे खावीत. चॉकलेट नको. त्यातील चरबीमुळे साखर उशिरा मिळते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये, कुशीवर वळवून थेट रुग्णालय गाठावे. आणि हेही ध्यानात ठेवावे की लांबच्या व्यायामाचा परिणाम संध्याकाळी संपत नाही. त्या रात्री झोपेतही साखर खाली येऊ शकते.

उपासाच्या दिवशी गोळीचे काय करावयाचे, हे दर संकष्टीला, एकादशीला आणि रोज्याच्या महिन्यात मी रुग्णांना समजावीत असतो. माझ्या टेबलावर त्याचा छापील कागदसुद्धा आहे. साखर मोजण्याचे यंत्र मात्र मी दवाखान्यातच विसरून आलो होतो. विसरलो म्हणजे काय, सामानात ते सापडले असते तर प्रश्न आले असते.

पुढचा टप्पा सायकल न चालविता क्रेसब्रॉनहून आगगाडीने लिंडाउला गेलो. मुलाने औषधांच्या दुकानातून यंत्र आणले. संध्याकाळी साखर १६४ होती. लिंडाउ हे बेटावरचे गाव. त्याच्या बंदराच्या तोंडाशी एका बाजूला दगडी सिंह आणि दुसऱ्या बाजूला दीपगृह आहे, दोन्ही १८५६ सालची. मुले नातवाला घेऊन बोटी पाहावयास गेली. आम्ही दोघे बाकावर बसलो. ती म्हणाली, "किती दिवस?" मी म्हणालो, "दीड वर्ष." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अहो, पेशंटच्या बायकांना बोलावून घेऊन पथ्य समजावता. मला का नाही बोलावलंत?"

मी तीस वर्षे प्रॅक्टिस करतो. नातेवाइकांच्या अनेक प्रश्नांना मी उत्तरे दिली आहेत. या प्रश्नाला नव्हते. त्या दीड वर्षात तिने मला दिवाळीचे अनारसे वाढले, आमरसाची दुसरी वाटी दिली, आणि मी "नको" म्हटल्यावर "वय झालं तुमचं" म्हणून हसली. तिला कारण ठाऊक असते तर तिने सांभाळून घेतले असते. मी पथ्य चोरून पाळत होतो आणि चोरून मोडतही होतो. रात्री आमच्या गावातील एका फिजिशियन मित्राला फोन लावला. तो आधी यथेच्छ बोलला, नंतर सायकलीचे दिवस संपेपर्यंत ग्लिमेपिराइड बंद ठेवण्यास आणि दिवसातून चार वेळा साखर मोजण्यास सांगितले. डॉक्टरने स्वतःचा डॉक्टर होऊ नये, हे आम्हाला महाविद्यालयात शिकविलेले असते.

उरलेले तीन दिवस अगदीच साधे गेले, आणि तेच मला अधिक आठवतात. तिसऱ्या दिवशी दहाच किलोमीटर, ऑस्ट्रियातील ब्रेगेन्झपर्यंत. चौथ्या दिवशी ऱ्हाइनच्या मुखाजवळून पूल ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये शिरलो. सीमा कोठे गेली कळलेही नाही, फक्त चहाचे पैसे युरोऐवजी फ्रँकमध्ये मागितले तेव्हा समजले आणि किंमत ऐकून सौ.ने तो कप फार सावकाश संपविला. माझे वाचन बाकावर बसून होई. सौ. दर तासाला "मोजा" म्हणे. नातवाने बोट टोचून घेण्याचा खेळ आरंभला आणि आजोबांचे बोट कोण टोचणार यासाठी रांग लागू लागली. पाचव्या दिवशी सकाळी न्याहारीनंतर साखर १५८, पंधरा किलोमीटरनंतर रोमान्सहोर्नला १०९. औषधाची गोळी एवढे इतक्या लवकर क्वचितच करते. क्रॉयत्सलिंगेन आणि कोन्स्टान्झ या दोन गावांमधून सीमा जाते. तेथे पूर्वी कुंपण होते, आता २००७ पासून त्या जागी शिल्पे उभी आहेत. त्यांच्यामधून सायकल हातात धरून आम्ही परत जर्मनीत आलो.

वाचक म्हणतील, डॉक्टर, तुमचा मुलगा तिकडे आहे म्हणून तुम्हाला जमले. खरे आहे. विमानाचे भाडे आणि स्विस चहा सर्वांना परवडणारा नाही, आणि मलाही वारंवार नाही. पण मला जे फायद्याचे वाटले त्याला सरोवर लागत नाही. आपल्याकडेही आता पहाटे चकचकीत कपड्यांतली मंडळी शंभर-शंभर किलोमीटर सायकल मारताना दिसतात. त्यांचे कौतुकच आहे. परंतु माझ्या दवाखान्यात येणारा पंचावन्न वर्षांचा किराणा दुकानदार शंभरचा आकडा ऐकून घरीच बसतो. त्याच्या पत्नीचा तर विचारच कोणी करीत नाही. शाळेत जाणाऱ्या मुली आपल्या गावात सायकलवर दिसतात, बारावी झाली की सायकल सुटते ती कायमची. चाळिशीपुढची एक स्त्री सायकलवर गेली तर चौकातली माना वळतात. या माना वळणे थांबेल तेव्हा माझ्याकडे गुडघ्यांसाठी येणाऱ्यांची संख्या कमी होईल अशी माझी समजूत आहे.

रस्त्यांचेही बोलले पाहिजे. तलावाकाठचा आपला रस्ता रुंद झाला, दिवे लागले, पण कडेची पट्टी हातगाड्यांनी आणि उभ्या मोटारींनी भरलेली असते. सकाळी साडेसहापर्यंत तो मोकळा असतो. तेवढी वेळ पुरते. मी तिकडून परतल्यावर जुनी सायकल ओव्हरऑइलिंगला टाकली. सायकलवाल्याला म्हटले, सीट वर घे. तो म्हणाला, "डॉक्टर, पाय टेकणार नाहीत, पडाल." सौ.ने नवी घेतली, नळी नसलेली. ज्यांना हे करून पाहावयाचे असेल त्यांनी हृदयविकार, डोळ्यांच्या पडद्याची तक्रार किंवा पायांची बधिरता असल्यास आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, औषधाचा डोस मनाने कमी-जास्त करू नये आणि पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटांवर जाऊ नये.

आम्ही दोघे सध्या आठवड्यातून चार दिवस जातो. माझ्या खिशात साखरेची पुडी असते आणि दुसरी तिच्या पर्समध्ये, कारण माझ्यावर तिचा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. मागील तपासणीत सरासरी ७.० होती. ती चिठ्ठी घरी फ्रिजवर लावलेली आहे.

मधुमेहींनी पायांची काळजी कशी घ्यावी, याविषयी काही वाचकांनी विचारले आहे. त्याविषयी पुढील आठवड्यात.